एका जागेवर दोन रुमाल

बॅटरीवाले सर वर्गात आले की आधी खिडक्या लावून घ्यायचे. मग खिशातून ती पेनाएवढी जांभळ्या उजेडाची बॅटरी काढायचे आणि समोर जो बसला असेल त्याच्यावर मारायचे. कुणाची कॉलर निळीशार पेटायची, कुणाचे दात चमकायचे, कुणाच्या नखांत हळदीचा हिरवट पिवळा रंग दिसायचा. "कॉलर पेटली म्हणजे घरी पावडर भारीतली वापरून राह्यले," सर म्हणायचे, "अन् नखं पेटली म्हणजे भाजी खाऊन हात धुतले नाहीत, बाप्पा." सगळा वर्ग हसायचा. पहिल्या दिवशी माझ्यावर बॅटरी आली तेव्हा माझी ओढणी पेटलीच नाही. आमच्या घरी कपड्यांना धुण्याचा सोडाच लागायचा. मी मान खाली घातली. सर म्हणाले, "हा खरा कापूस. वरून काही लावलेलं नाही. कापूस अंधारात गप्पच राहतो." त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसू लागले.

त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या तांड्यातून कॉलेजात गेलेली मी घरातली पहिली. माझ्या याडीला, म्हणजे आईला, मी नेमकं काय शिकते ते अजून सांगता आलेलं नाही. पण सरांसारखी माणसं आपल्या जिल्ह्यात बऱ्याच जणांनी पाहिली असतील. म्हणून लिहिते.

सर रसायनशास्त्र शिकवायचे, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच त्यांचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कॉलेजचे नसायचे आणि जूनमध्ये पुन्हा नवा अर्ज करायचे. अशी सोळा वर्षं झाली होती. ऑफिसबाहेर प्राध्यापकांच्या नावांचा लाकडी फलक होता, त्यावर त्यांचं नाव नव्हतं. एकदा एका मुलाने त्यांना तोंडावरच विचारलं, "सर, तुमचं नाव काहून नाही?" सर म्हणाले, "मी पाहुणा आहे ना. रोज येतो एवढंच." ते हसत होते, म्हणून आम्हीही हसलो. आता आठवलं की वाटतं, हसायला नको होतं.

ते रोज दिग्रसहून एसटीने यायचे आणि संध्याकाळी एसटीनेच जायचे. यवतमाळच्या स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरणं आपल्याकडे कुणाला नवीन नाही. पण सरांच्या खिशात तीन-चार रुमाल असायचे. एक स्वतःसाठी, बाकीचे कॉलेजातून येणाऱ्या कुणासाठी तरी. कधी कुणीच यायचं नाही आणि सरांना गाडीभर बोलणी खावी लागायची. एक बाई एकदा म्हणाली, "कायले वो गुरुजी, अर्धी गाडी विकत घेतली का?" सर रुमाल उचलत म्हणाले, "नाही ताई. कोणी उभं राहू नये म्हणून." मी त्याच गाडीने तांड्याच्या फाट्यापर्यंत जायचे. चार वर्षं मला बसायला जागा मिळाली ती त्या रुमालांमुळे.

सरांच्या डोक्यात एकच काम होतं, फवारणीचं. आपल्याकडे कपाशीवर औषध मारणारा माणूस घरी येतो, हात धुतो आणि जेवायला बसतो. औषध मानेवर, कानामागे, पंपाच्या पट्ट्याखाली किती सांडलं, हे त्याला दिसत नाही. सरांना असा रंग करायचा होता जो औषधात टाकला की साध्या डोळ्यांना दिसणार नाही, पण जांभळ्या बॅटरीखाली अंगावर पेटेल. म्हणजे जिथे पेटलं तिथे साबणाने धू. असे रंग जगात होते, पण ते तेलकट औषधात विरघळेनात, किंवा उन्हात विझून जात. सरांनी स्वतःचे दोन केले होते. आधी पंधरा दिवस स्वतःच्या डाव्या हाताला लावून पाहिले, मग आम्हाला हात लावू दिला.

हे काम मी का धरलं ते सांगायला हवं. माझा बा आमच्या शेतात फवारतो आणि दुसऱ्यांच्याही. एका हंगामात तो घरी येऊन ओट्यावर बसला तो उठेनाच. उलट्या झाल्या, डोळे लाल झाले. दवाखान्यातून बरा होऊन आला, पण तेव्हापासून पंप पाठीवर घेतला की याडी दारात उभी राहते. मी हे सरांना एकदा गाडीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या कपाटाची एक किल्ली माझ्या हातात दिली.

सरांनी त्यांच्या दोन रंगांसाठी पेटंटचा अर्ज केला होता. वकील नाही, एजंट नाही, सगळं स्वतः वाचून लिहिलेलं. अर्जात दावे लिहायचे असतात, म्हणजे आपला शोध कुठून कुठपर्यंत आहे ते. रंगाच्या रेणूला कार्बनची एक शेपटी जोडायची असते. सरांनी एक कार्बनची आणि दोन कार्बनची शेपटी जोडून पाहिली होती. अर्जात मात्र लिहिलं होतं, एकपासून सहापर्यंत. मी भीत भीत विचारलं, "सर, बाकीचे चार तर आपण केलेच नाहीत." सर म्हणाले, "राठोड, आपल्या लोकायले मागताच येत नाही. जरा रुंद मागून पाह्य." मला ते पटलं. आयुष्यात ज्याने कधी काही मागितलं नाही, त्याने कागदावर तरी थोडं जास्त मागावं, असं मला वाटलं.

पुढे सरांनी मला तीन कार्बनची शेपटी जोडायला सांगितली. मी कपाट उघडलं तर त्या रसायनाची बाटली संपलेली. नवी मागवायची म्हणजे विभागप्रमुखांची सही लागणार, आणि सांगायचा मला धीर होईना. शेजारची बाटली चार कार्बनची होती. मी ती घेतली. तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सरांनी बशीतला नमुना उचलला आणि विचारलं, "हा काय होय?" मी रडायच्या बेतात खरं सांगून टाकलं. सर म्हणाले, "बाटली संपली हे सांगायले काय तोंड दुखते का तुहं?" मग त्यांनी बॅटरी मारली आणि बशी फिरवून फिरवून पाहिली. नंतर तो नमुना आणि त्यांचे दोन्ही, असे तिन्ही गच्चीवर उन्हात ठेवले. तासातासाला मी वहीत लिहीत होते. दुपारी एकपर्यंत सरांचे दोन्ही विझले. माझा संध्याकाळी पाच वाजताही पेटत होता आणि साबण लावला की जात होता.

नंतर आम्ही तो रंग माझ्या बाच्या अंगावर तपासून पाहिला. सर रविवारी आमच्या तांड्यावर आले. पंपात नुसतं पाणी आणि रंग, औषध नाही. बाने कपाशीची दहा तासं, म्हणजे दहा ओळी, फवारली. मग कापूस ठेवायच्या खोलीत दार लावून सरांनी बॅटरी लावली. बाची मान, दोन्ही कान, पाठ आणि पायजम्याचे पाय पिवळे पेटले होते. बा स्वतःच्या हाताकडे पाहत म्हणाला, "हे सारं माह्याच आंगावर?" सर म्हणाले, "हाव भाऊ. आजपर्यंत दिसलं नाही एवढंच." बाने तिथेच याडीला हाक मारली, पाणी मागितलं आणि पोतंभर साबण लागेल असं काहीतरी बडबडत धूत बसला. धुतल्यावर पुन्हा खोलीत आला. "आता पाहा बरं सर," म्हणाला. एका कानामागे तेवढं राहिलं होतं. याडीने पदराने पुसलं आणि मग तिचा पदर पेटला. आम्ही सगळे किती हसलो!

गाडीत बसताना सर म्हणाले, "हा तुह्या हातचा आहे. याचा अर्ज वेगळा करू." शोधकाच्या नावाच्या रकान्यात त्यांनी आधी माझं पूर्ण नाव लिहिलं, मग स्वतःचं. माझं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि रेशन कार्डावर होतं, पण काही केलं म्हणून ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या रकान्याचा मी मोबाइलवर फोटो काढला आणि घरी कुणाला दाखवला नाही.

पुढे बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या अर्जावर पेटंट कार्यालयाचं पत्र आलं. सरांनी ते छापून टेबलावर ठेवलं आणि मला बोलावलं. भाषा कठीण होती, पण मुद्दा एकच होता. एका शोधाला एकच पेटंट मिळतं. तुम्ही ज्या रंगासाठी हा अर्ज केला आहे, तो तुमच्याच पहिल्या अर्जातल्या एक ते सहामध्ये आधीच मागितलेला आहे. मला कळेना. दोन्ही अर्ज आपलेच, मग कोणाची हरकत? सर म्हणाले, "मलेही तसंच वाटलं होतं. आपलाच अर्ज आपल्याच आड कसा येईल? पण पाह्य, एका जागेवर दोन रुमाल नाही चालत. दोन्ही आपलेच असले तरी कंडक्टर एकच उचलायले सांगते." मग पहिल्या अर्जाचा कच्चा कागद काढून आपल्याच हस्ताक्षरातल्या त्या एक ते सहावर बोट ठेवून म्हणाले, "तू बसायच्या आधी मीच तिथे रुमाल टाकून बसलो, राठोड."

विभागप्रमुखांना हे कळलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोघांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "सर, सोपं आहे. दुसरा अर्ज सोडून द्या. पहिल्यात हिचा रंग येतोच आहे आणि त्याला कार्यालयाची फारशी हरकत दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांत पेटंट हातात येईल. कायम जागेची मुलाखत तोंडावर आहे. त्या कागदाला तिथे किंमत आहे." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटा, तुझं काय, तू लहान आहेस. पुढे पुष्कळ करशील." मी मान हलवली. खरंच हलवली. सोळा वर्षांपुढे माझ्या एका नावाचं काय, असं मला वाटलं. पण बाहेर येऊन मोबाइलमधला तो फोटो उघडला आणि जिन्यात बसून राहिले. मला ते नाव हवं होतं. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही, आज लिहिते आहे.

सरांनी मला काही विचारलं नाही, काही सांगितलंही नाही. फक्त म्हणाले, "अधिकाऱ्यासमोर सुनावणी आहे, कॉम्प्युटरवर. वही घेऊन ये. ओढणी पेटली नाही तरी चालेल." त्यांना असल्या वेळी विनोद सुचायचा.

सुनावणीला आम्ही दोघं स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसलो. अधिकारी हिंदीत बोलत होते. त्यांनी आधी विचारलं की पहिल्या अर्जात हा रंग अजून मागितलेला आहे का. सर म्हणाले, "नहीं साहब. पहली अर्जी में से हमने वो निकाल दिया है. अब उसमें सिर्फ दो हैं, जो मैंने खुद बनाए." मी त्यांच्याकडे पाहिलं. मला हे ठाऊकच नव्हतं. अधिकाऱ्यांनी पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि म्हणाले, "इतना सब छोड़ दिया? अब उसकी जाँच दोबारा होगी, समय लगेगा." सर म्हणाले, "मालूम है. जो बनाया नहीं था, वो माँग लिया था."

मग त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. अधिकाऱ्यांनी विचारलं, चार कार्बनचीच शेपटी का निवडली? मी रात्रभर इंग्रजी उत्तर पाठ केलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना. मी म्हणाले, "सर, तीन वाली बोतल खत्म हो गई थी." पलीकडे ते हसले. शेजारी सरांनी डोक्याला हात लावला. पण नंतर मी वही उघडली आणि तासातासाचे आकडे वाचू लागले, कोणता रंग कधी विझला, साबणाने कोणता गेला. वाचता वाचता आवाज स्थिर झाला. अधिकाऱ्यांनी त्या वहीची पानं पाठवायला सांगितली. संपल्यावर सर एवढंच म्हणाले, "बाटलीचं सांगायची काय गरज होती?" मग वही माझ्याकडे सरकवत, "बरं झालं सांगितलं."

कायम जागेची मुलाखत झाली तेव्हा सरांचं पेटंट अजून तपासात होतं. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. पेटंट असतं तर ती सरांना मिळाली असती, असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. मिळाली नसती, असंही सांगता येत नाही. पुढच्या जूनमध्ये वेळापत्रक लागलं, त्यात सरांचे तास नव्हते. मी विभागप्रमुखांना विचारायला गेले. ते म्हणाले, "यंदा तासच कमी आले, बेटा." कपाटाची किल्ली अजून माझ्याकडे होती. ती मी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्या संध्याकाळी गाडीत मी उभ्याने गेले.

माझं पेटंट मंजूर झालं तेव्हा मी पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या राज्यात आले होते. सरांचं त्यानंतर झालं, दुपारी एकपर्यंत विझणाऱ्या त्या दोन रंगांचं. सुट्टीत आले तेव्हा मी प्रमाणपत्राची प्रत घेऊन उमरखेडला गेले. सर आता तिथे एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतात. दुकानाच्या वरचा लांब हॉल, पत्र्याचं छत, बाकांवर मुलं खेटून बसलेली. फळा आहे, पंखे आहेत. नळ नाही, बशी नाही, एक बाटलीसुद्धा नाही.

सरांनी प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरून वाचलं. माझ्या नावावरून बोट फिरवलं. मग मुलांना म्हणाले, "उठा रे सगळे. या मॅडमनं शोध लावला आहे." पन्नास-साठ मुलं खडखड करत उभी राहिली. मला पळून जावंसं वाटलं. जिन्यात आल्यावर मी मनात साठलेलं विचारलं. "सर, तुम्ही ते एक ते सहा खोडलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना, मुलाखतीच्या आधी तुमचं पेटंट निघणार नाही?"

सर जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसत होते. म्हणाले, "फलकावर नाव नसणं कसं असते, ते मले माहीत होतं. तेवढं पुरे ना." मग लगेच, "बा कसे आहेत? कानामागे धुतात का?" मी हो म्हणाले. खालून कुणीतरी पुढच्या तासासाठी हाक मारली आणि ते वर गेले.

इथे माझी प्रयोगशाळा मोठी आहे. बाटली संपली तर मी लगेच सांगते, दुसऱ्या दिवशी नवी येते. सगळे चांगले आहेत. पण नवीन काही पेटलं की पहिल्यांदा सांगावंसं वाटतं ते सरांना. मी फोन करते. बहुतेक वेळा ते तासावर असतात. आता त्यांना तास पुष्कळ आहेत. मग संध्याकाळी त्यांचाच फोन येतो. कसे आहात वगैरे काही नाही, थेट, "काय केलं आज?"

मी फोटो पाठवून पाहिले. फोटोत तो रंग येत नाही, सगळं निळंच दिसतं. म्हणून मला तोंडाने सांगावं लागतं. परवा मी म्हणाले, सर, पिवळा आला. ते म्हणाले, "पिवळा म्हणजे कसा? तुरीच्या फुलासारखा, का सोयाबीनचं पान पिकल्यावर होते तसा?" मी दिवा पुन्हा लावला, बशी जवळ ओढली आणि पाहू लागले. पलीकडे मुलांचा गलका ऐकू येत होता. सरांनी कुणाला तरी गप्प बसवलं.

"हं," ते म्हणाले, "सांग आता. सावकाश सांग."